कोसा हातात घेशील तेव्हा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रेशमावर प्रकल्प करायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. तुझ्या यादीत सगळ्यात वर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. तो थोडा थांबू दे. आधी पावसाळ्यात गडचिरोलीतल्या आरमोरीकडे जा आणि ऐनाच्या झाडाखाली उभी राहा.

तुतीचा किडा माणसाच्या घरात वाढतो. हजारो वर्षांच्या या सहवासात त्याच्या पतंगाला उडणंही उरलं नाही. तसर या रानरेशमाची अळी मात्र उघड्यावर, ऐन-अर्जुनाची पानं खात वाढते. गडचिरोली-भंडाऱ्याकडची ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ती जोपासत आली आहेत. पाखरं आणि मुंग्यांपासून तिला राखायला दिवसभर जंगलात बसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका आजींनी माझ्या तळहातावर कोसा, म्हणजे तसरचा कोश, ठेवला. दाबून पाहिला तर दबेना. वर देठ होता, तोही अळीनंच रेशमाचा केलेला, टोकाला फांदीभोवती घालायचं कडं. मला वाटलं होतं, कोसा पानाला नुसता चिकटत असेल!

तो इतका टणक का, हे मला प्रयोगशाळेत सुचलं नसतं. शेवटच्या पिकातला कोश आतल्या जिवासकट अख्खा उन्हाळा काढतो, पाऊस पडेपर्यंत. ही गरज माहीत असली की फायब्रॉइन या प्रथिनाचा धागा, त्याला चिकटवून ठेवणारं डिंकासारखं सेरिसिन, वरचे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, सगळ्याकडे तू वेगळ्या नजरेनं बघशील. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. तसरच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल असा अमिनो आम्लांचा क्रम येतो, त्याला पेशी धरून बसतात. तुतीच्या फायब्रॉइनमध्ये तो नाही. जखमेवरच्या पट्ट्या किंवा ऊती वाढवण्यासाठीचे सांगाडे करायचे असतील तर इथूनच सुरुवात कर.

आता तुझ्या ‘शाश्वत’ या शब्दाबद्दल. तो अहवालात इतक्या सहज लिहू नकोस. धागा निघावा म्हणून कोश सोड्याच्या पाण्यात उकळतात. त्याला सरपण लागतं, आणि सेरिसिन पाण्यातून वाहून जातं. तुतीच्या कोशाचा साधारण पाव भाग सेरिसिनच असतो. ते नाल्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू खातं. गाळून घेतलं तर मलमांत, प्रसाधनांत कामी येतं. म्हणून दर किलो धाग्यामागे पाणी किती, लाकूड किती, हे स्वतः मोज. पतंग बाहेर पडलेल्या भोकाच्या कोशांचा धागा, घिचा, तोही बघ. तो अखंड उलगडत नाही, हातानं कातावा लागतो, म्हणून जाडाभरडा. मला तो फार आवडतो. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या विणकरांना विचार, मागावर तो कुठे अडतो.

माझ्या मते तसरची खरी किंमत धाग्यात नाही, उभ्या ऐनात आहे. पानांवर घर चालतं तोवर त्या झाडावर कुऱ्हाड चालवायला कोणी धजत नाही. हे मोजायचं कसं, ते मला अजून नीट जमलेलं नाही. तू बघ.

निघण्याआधी कळव. आणि नमुन्यासाठीचे कोसे फुकट मागू नकोस, विकत घे.

तुझा,
सर