माळावर झाडं लावावीत का?

प्रश्न: आमच्या गावच्या (उत्तर सोलापूर) म्हसोबाच्या माळावर 2-3 एकर गवत आणि जुने वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) आहेत. झाडं लावून जागा राखता येईल?

उत्तर: झाडं नकोत. नान्नजचं माळढोक अभयारण्य (1979) असल्याच गवताळ माळासाठी आहे. खड्डे खणले की कुसळी-पवन्यासारखी माळाची गवतं मोडतात, अन् सुबाभूळ तर हातपाय पसरतेच. वेडी बाभूळ मात्र काढाच. वरवर तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, म्हणून पहिल्या पावसानंतर वीतभर खणून मुळाची गाठच उपटा. दिवाळीनंतर गवत वाळताच कडेने 10 फुटी जाळरेषा (वणवा आत शिरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढा. कापणी बी झडल्यावर. वीरगळांना ऑइलपेंट फासू नका (हौस फार असते!), ओल आत कोंडून पापुद्रे सुटतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणारी वही) जागेची नोंद करून घ्या.