परड्यात येणारी खार काय खाते, आणि तिच्यासाठी दाण्यांचा साठा करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावात टिळकवाडीतल्या घरामागच्या परड्यात चिपमंकची, म्हणजे खारीच्याच कुळातल्या पट्टेवाल्या छोट्या प्राण्याची, जोडी रोज येते. हा प्राणी गालात दाणे भरून बिळात साठवतो, असं तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. तर पावसाळा लागायच्या आत त्यांना किती शेंगदाणे घालावेत, म्हणजे त्यांची बेगमी होईल?

बेगमी म्हणून एकही घालू नका. तुमच्याकडे येते ती चिपमंक नव्हेच, आपली पट्टेवाली खार आहे. चिपमंकच्या सुमारे 25 जाती आहेत. त्यांतली एक सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया, जपानकडे राहते आणि बाकी सगळ्या उत्तर अमेरिकेत. भारतात रानात एकही नाही. ओळखायचं असेल तर पाठ बघत बसू नका, तोंड बघा. चिपमंकच्या गालावर डोळ्याच्या वर-खाली पट्टे असतात, खारीचं तोंड साधं, करडं. पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांनी मात्र माणूस सहज फसतो. आपल्या भागात तीन पट्ट्यांची जास्त दिसते, उत्तरेकडे पाच पट्ट्यांची. रामानं पाठीवरून किती बोटं फिरवली, याचा निकाल ज्यानं त्यानं आपापल्या गावची खार बघून लावावा.

हे नावापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण दोघींची खाण्याची रीत वेगळी आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

चिपमंकच्या मुलखात हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते. कित्येक महिने झाडावर काही नसतं. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटापासून ती ओकची फळं, बीचच्या बिया, मेपलच्या बिया, मिळेल ते गालांतल्या पिशव्यांत कोंबते. दोन्ही गाल फुगले की ते डोक्याएवढे दिसतात. मग बिळात जाऊन ओतते आणि परत येते. बीळ चांगलं लांबलचक, त्यात झोपायची जागा आणि कोठार. थंडीत ती सुस्त पडून राहते, पण अस्वलासारखी अंगात चरबी साठवून नाही. दर काही दिवसांनी जागी होते, कोठारातलं खाते आणि पुन्हा झोपते. म्हणजे साठा नसेल तर तिचा हिवाळा निघत नाही. बाकीच्या दिवसांत ती बोरंबिरं, अळंबी, किडे, गांडुळं, गोगलगायी खाते, सापडली तर पक्ष्यांची अंडी, एखादा छोटा बेडूकसुद्धा. निव्वळ दाणे खाणारा गरीब जीव, हा समज व्हिडिओनं करून दिलेला आहे.

आपल्या खारीला गालात पिशव्या नाहीत आणि थंडीची झोपही नाही. बेळगावची थंडी म्हणजे स्वेटरची थंडी, बर्फाची नव्हे. इकडं बारा महिने काही ना काही असतंच. एखादा दाणा ती ढोलीत नाही तर कौलाखाली सरकवते, नाही असं नाही, पण त्या जोरावर ती जगत नाही. हातातोंडाची गाठ, एवढाच तिचा हिशोब.

वर्षभर ती काय खाते हे बघायला लांब जायला नको. माघ-फाल्गुनात सावर फुलते तेव्हा झाडाखाली थोडा वेळ थांबा. खार फांदीच्या टोकाला जाते, मागच्या पायांनी धरते आणि लाल फुलात डोळ्यापर्यंत तोंड घालते. आतला मध चाटून बाहेर येते तेव्हा मिशांना पराग चिकटलेले असतात, तशीच पुढच्या फुलावर जाते. पांगाऱ्यावर हेच, आणि रस्त्याकडेच्या सिल्व्हर ओकच्या नारिंगी फुलांवरही हेच. पुढं खानापूर-जांबोटीकडं काजूची बोंडं, मग आंबा, फणस, करवंद, जांभूळ. तुम्हाला पावसाळ्याची काळजी वाटते, पण पहिल्या पावसात दिव्यापाशी पंखवाल्या वाळव्या निघतात आणि सकाळी उरलेल्या वेचायला खार हजर असते. पाऊस धरला की ती किडे, अळ्या, कोवळे कोंब, सालीखालचं काहीबाही यांवर असते. उंबर तर वर्षातून कितीदा धरतो. बुलबुलाच्या घरट्यातली अंडी आणि पिल्लंही ती खाते. तुमच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं असेल आणि शेजारच्या कट्ट्यावर तुम्ही दाणे मांडलेत, तर तुम्हीच तिला वाट दाखवल्यासारखं होईल.

दिवाळीच्या सुमारास गच्चीवर भुईमूग वाळत घातला की तिची खरी कारागिरी दिसते. ढिगातली पहिलीच शेंग ती घेत नाही. एक उचलते, फिरवते, टाकते, दुसरी घेते. पोकळ शेंग बहुतेक वजनावरूनच कळत असावी. मग मागच्या पायांवर बसून दोन्ही पंज्यांत शेंग आडवी धरायची, एका टोकाला कुरतडून तोंड करायचं आणि दाणा ओढायचा. दाण्यावरचं लाल साल बऱ्याचदा सोलून खाली पडतं. सगळं झाल्यावर शेपटी दोनदा झटकून दुसरी शेंग. आमच्या शेजारच्या मावशी काठी घेऊन येतात आणि ओरडतात, “शेंगा खाऊलाल्यात बघा सगळ्या!” आणि काठी आपटून झाली की स्वतःच चार शेंगा भिंतीवर ठेवून जातात.

चिक्कूवाल्यांचं दुःख मात्र खरं आहे. ती अख्खं फळ खात नाही, पिकायला आलेलं बघून एका बाजूनं कोरते आणि पुढचं धरते. पेरू, कोवळा नारळ, सुपारीची बागही तिच्यापासून सुटत नाही. निवडक फळांना जाळीची किंवा कापडाची पिशवी बांधणं एवढंच घरच्या झाडाला परवडतं. विषारी गोळ्या घालू नका. त्या खाऊन मांजर, घुबड, कुणीही मरतं. आणि पायपुसण्याचा काथ्या किंवा गादीतला कापूस ओढून नेत असेल तर ते खाण्यासाठी नव्हे, घरट्यासाठी. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून लाकूड, नारळाची करवंटी, प्रसंगी वायरसुद्धा ती कुरतडते.

आता घालायचंच असेल तर. कच्चे, बिनमिठाचे शेंगदाणे दोनचार, तेही रोज नको. बुरशीचा वास येणारे किंवा काळे पडलेले शेंगदाणे तर अजिबात नको, त्यातलं विष माणसालाही बाधतं. त्यापेक्षा पेरूची, काकडीची फोड, मक्याचं कणीस, भिजवलेले हरभरे चांगले. फरसाण, बिस्किट, पाव, खारे दाणे, चहात बुडवलेली बटर यांतलं काही नको. माया म्हणून बटर घालणारी मंडळी आपल्याकडं फार आहेत! हातावर घेऊन भरवू नका, तिला बोट आणि शेंग यांतला फरक घाईत कळत नाही. चैत्र-वैशाखात दाण्यांपेक्षा सावलीत ठेवलेलं उथळ ताटलीतलं पाणी जास्त उपयोगाचं, रोज बदललेलं.

शेकरू दिसलं तर ती वेगळीच गोष्ट. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, 2011 साली जाहीर झालेलं, साधारण 190 चौरस किलोमीटरचं. त्या जंगलपट्ट्यात ते आहे. तांबूस, लांब शेपटीचं, खारीच्या कितीतरी पट मोठं. फळं, बिया, पानं, साल खातं आणि पुष्कळदा मागच्या पायांनी उलटं लटकून दोन्ही हातांनी फळ धरतं. तिथं गाडी थांबवून केळी फेकणाऱ्यांना कृपया हटका.

शेवटी, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण जोडी आहे म्हणताय. घरट्यातून पिल्लू पडलं तर पहिली धाव दुधाकडे घेऊ नका. गाईचं दूध त्याला सोसत नाही, आणि ड्रॉपरनं जोरात पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. मऊ कापडात गुंडाळून, ऊब देऊन, उघड्या खोक्यात त्याच झाडाच्या बुंध्याशी मांजराला पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि लांब व्हा. आई बऱ्याचदा येऊन तोंडात धरून उचलून नेते. संध्याकाळपर्यंत नाहीच आली, तर वनखात्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरला फोन करा.