टेम्प्लेट एक, मथळे पाच तऱ्हांचे

प्रश्न : आम्ही पाच जण यंत्रांच्या माहितीपुस्तिका वर्डमध्ये एकाच टेम्प्लेटवरून लिहितो, तरी मथळे वेगवेगळे का दिसतात?

उत्तर : नवी फाइल उघडताच टेम्प्लेटमधील स्टाइलची, म्हणजे मथळा, मजकूर यांच्यासाठी नाव देऊन ठरवलेल्या अक्षररूपांची, प्रत तिच्यात उतरते, त्यामुळे टेम्प्लेट नंतर सुधारले, तरी जुन्या फाइलींना त्याचा पत्ता नसतो. डेव्हलपर टॅबवरील टेम्प्लेटच्या चौकटीत स्टाइल आपोआप अद्ययावत करण्याची खूण केल्यास, फाइल उघडताना त्या पुन्हा घेतल्या जातात. मात्र स्टाइल बदलण्याच्या चौकटीतही तशाच नावाची खूण असते आणि खरी गोम बहुधा तिथेच असते : कोणी एकच मथळा हाताने १४ चा १६ पॉइंट केला, की त्या स्टाइलचे सारे मथळे फुगतात. ती खूण काढावी. मूळ टेम्प्लेट सामायिक फोल्डरमध्ये केवळ वाचनासाठी ठेवून बदलाचा अधिकार एकाकडेच द्यावा. कुरकुर होईल, ती होऊ द्यावी.