सोसायटीत स्वतः इंजिन ऑइल बदलायचं असेल तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. सेकंड हँड घेतलेल्या सीएनजी वॅगन आरचं इंजिन ऑइल आणि फिल्टर कांदिवलीच्या सोसायटीत स्वतः बदलता येईल का, शेजारचे काका म्हणतात तसं मुंबईच्या उकाड्यासाठी जाड २०डब्ल्यू-५० टाकावं का, आणि यात पैसे किती वाचतील.

शेवटच्याचं आधी सांगतो: फार वाचत नाहीत. तेल आणि फिल्टर तर विकत घ्यावंच लागतं. वाचते ती मजुरी, आणि बिलात हळूच शिरणारं इंजिन फ्लश, ॲडिटिव्ह वगैरे. पहिल्या खेपेला तर पाने, ट्रे आणि जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घेण्यात ते वाचलेलेही जातात. तरी मी करतो, कारण तेल खरोखर बदललं, फिल्टर खरोखर नवा बसला आणि चेंबरचा (इंजिनाखाली तेल साठतं त्या भांड्याचा) नट कुणी एअर गनने पिळला नाही, हे मला पक्कं माहीत असतं. एवढं तुम्हाला पुरेसं वाटत असेल तर पुढे वाचा.

काम अवघड नाही. आपल्याकडे अडतं ते दोन ठिकाणी: गाडी उभी कुठे करणार, आणि निघालेलं काळं तेल जाणार कुठे. या दोन्हींची उत्तरं हातात असल्याशिवाय नटाला पाना लावू नका.

जागा सपाट हवी. उतारावर तेल पूर्ण निघत नाही आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, तीही खोटं दाखवते. स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर किंवा त्याच्या खाली हा उद्योग अजिबात करायचा नाही. सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा. रविवारी सकाळी तुमचे पाय गाडीखालून बाहेर दिसले की वॉचमनच्या आधी कमिटी येते. फरशीवर जुना फ्लेक्स आणि त्यावर पुठ्ठे अंथरा. सुताराकडून पिशवीभर भुसा आणून ठेवा, सांडलेलं तेल तोच ओढून घेतो. पावसाळ्यात उघड्यावर करूच नका, एक सर आली की सांडलेलं सगळं गटारात.

गाडीबरोबर मिळालेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, कोण काहीही सांगो. जॅक स्टँडची जोडी घ्या, पेव्हर ब्लॉकवर ते रुततात म्हणून खाली जाड प्लायचे तुकडे ठेवा, मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा. मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला ही सगळी हत्यारं एका फेरीत मिळतात. रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) घ्या. फिक्स पान्याने नटाचे कोपरे झिजतात. बहुतेक छोट्या गाड्यांचा नट १४ किंवा १७ चा असतो, पण आधी वाकून बघा आणि मग खरेदी करा.

आता काकांच्या २०डब्ल्यू-५० बद्दल. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड तेल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंशाला, ते किती जाड राहतं ते सांगतो. मुंबईत हिवाळा नाही हे खरं, पण म्हणून दुसरा आकडा वाढवायचा असं होत नाही. इंजिनाच्या आतलं तापमान कूलंट आणि थर्मोस्टॅट सांभाळतात, बाहेर मे महिना असो की जानेवारी. आणि सकाळी चावी फिरवल्यावर तेल वरपर्यंत पोचायला जे काही क्षण लागतात, त्यातच झीज जास्त होते. पातळ तेल लवकर पोचतं. आजच्या इंजिनांतल्या फटी आणि ऑइल पंप पातळ तेल धरूनच बनवलेले असतात. काकांचा सल्ला त्यांच्या जुन्या गाडीसाठी बरोबर असेल. तुमच्यासाठी मॅन्युअल उघडा. अलीकडच्या पेट्रोल मारुतींना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं. त्यात लिहिलेला ग्रेड घ्या आणि कॅनवर एपीआय एसपी ही तेलाच्या दर्जाची खूण बघा, मग सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल यांपैकी कोणतंही चालेल. (हे वाचणाऱ्या डिझेलवाल्यांसाठी: बीएस ६ गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या एसीईए सी वर्गाचंच (हा युरोपियन दर्जा) तेल घाला. साध्या तेलाने तो फिल्टर चोंदतो आणि ते बिल मोठं असतं.)

डुप्लिकेट तेल हा खरा धोका आहे. पेट्रोल पंप किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, सील बघा, बिल घ्या. फिल्टरही कंपनीचाच. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती गाडी बंद असताना तेल फिल्टरमधून मागे ओघळू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती नीट बसत नाही आणि रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरतं.

प्रत्यक्ष काम असं. पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करा. तेल कोमट हवं, उकळतं नको. नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला, वापरलेलं तेल वारंवार कातडीला लागणं कर्करोगाच्या दृष्टीने वाईट. इंजिनावरचं तेल ओतायचं झाकण उघडा, खाली ट्रे सरकवा, नट पान्याने सैल करून पुढे बोटांनी आत दाबत फिरवा आणि शेवटी झटकन बाजूला घ्या. धार सुरुवातीला तिरकी उडते, म्हणून ट्रे थोडा पुढे ठेवा. वीस मिनिटं निथळू द्या. नवीन वॉशर लावून नट आधी हाताने पूर्ण बसवा, मगच पाना. हाताने जात नसेल तर तिरका लागलाय, काढून परत लावा. चेंबरचे आटे गेले की चेंबरच बदला. टॉर्क रेंच (किती जोर लागला ते मोजणारा पाना) असेल तर मॅन्युअलचा आकडा, नसेल तर घट्ट झाल्यावर थांबा. ताकद दाखवायची जागा ही नाही.

फिल्टर काढल्यावर सगळ्यात आधी जुन्या फिल्टरची रबर रिंग त्याच्याबरोबर निघाली का बघा. कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा होतात, आणि इंजिन चालू करताच दाबाने तेल बाहेर येतं. नव्या रिंगेला बोटाने तेल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग साधारण पाऊण फेरा. त्यासाठी पाना लागत नाही. जुन्या १.३ डिझेल मारुतींना डब्याच्या आत बसणारा सुटा कागदी फिल्टर असतो, तिथे ही पद्धत लागू नाही.

नवं तेल मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा थोडं कमी ओता. इंजिन चालू करा, तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. मिनिटभर चालू ठेवून खाली टॉर्चने बघा. बंद करून गाडी स्टँडवरून उतरवा, दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसा, परत घाला, आणि वरच्या खुणेच्या जरा खालपर्यंत भरत आणा. वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नका. क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) तेलात आपटून फेस करते आणि फेसाळ तेल बेअरिंगला काही कामाचं नाही.

आता काळं तेल. तीनेक लिटर निघेल. ते कायद्याने घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल स्पष्ट येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. आपल्या हातात एवढंच की ते योग्य पिंपात जावं. आपली पावसाळी गटारं थेट नाल्यांना मिळतात, मध्ये कुठे शुद्धीकरण नाही. कांदिवलीत ओतलेलं पोईसर नदीतून खाडीत. ओल्या कचऱ्यात नाही, झाडाच्या बुंध्यात नाही, आणि वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासायला कॅन भरून कोकणातही नेऊ नका, विहिरी तिथेही आहेत. ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचं पिंप असतं ते बहुधा घेतात, कारण ते विकलं जातं. पण काम सुरू करण्याआधी विचारून या. नंतर कॅन घेऊन दारोदार फिरणं नको. त्यात पाणी, कूलंट, थिनर काही मिसळू नका. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा. तेलाचा रिकामा कॅन भंगारात देण्याआधी सुरीने फाडा, अख्खा दिलात तर तोच डुप्लिकेट तेल भरून बाजारात येतो.

सीएनजीवर तेल बराच काळ स्वच्छ दिसतं, कारण काजळी कमी. रंग बघून 'अजून चालेल' म्हणू नका. ज्वलनाच्या उष्णतेने ते आतून जुनं होतच असतं. कंपनी १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने म्हणते, जे आधी येईल ते. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या रांगेत इंजिन चालतं पण किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून मी ७,०००-८,००० लाच बदला म्हणेन. आणि डिपस्टिकवर तेल दुधाळ चहासारखं दिसलं, विशेषतः अंधेरी सबवेसारख्या साचलेल्या पाण्यातून आल्यावर, तर बदलत बसू नका आणि चावीही फिरवू नका. टो करून न्या.

गाडी सेकंड हँड आहे, म्हणून एक अडचण आधीच गृहीत धरा: आधीच्या कुणीतरी नट पिळून ठेवला असेल. साध्या जोराने हलला नाही तर पान्याला पाईप लावून झगडू नका. तसं झालं, किंवा कमिटीने नाही म्हटलं, तर तेल, फिल्टर आणि वॉशर स्वतः घेऊन ओळखीच्या गॅरेजवर जा. मजुरी आधी ठरवा, गाडी लिफ्टवर असताना बाजूला उभे राहा, नट हाताने लावायला सांगा, जुना फिल्टर बघून घ्या आणि उरलेलं तेल कॅनसकट परत मागा.