थाळी वाजवून कान तपासता येत नाहीत

लहान मुलांशी घरी काय खेळावं, असं विचारणारी पत्रं सतत येतात. प्रश्न वेगवेगळे, घोळ एकच: खेळ म्हणजे विकत आणायची वस्तू, नाहीतर लावायचा क्लास. म्हणून या वेळी बरीच उत्तरं एकत्र देते आहे. मूल समोर नसताना दिलेली आहेत, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : लालबागला चाळीत राहतो. खोली दहा बाय बाराची. दीड वर्षाच्या मुलीला खेळायला जागाच नाही.

जागा धावायला लागते, त्यासाठी संध्याकाळी जवळची बाग गाठा. बाकीचा खेळ मांडीएवढ्या जागेत होतो. मेथी निवडायला बसाल तेव्हा तिला शेजारी बसवा आणि धुतलेल्या चार काड्या तिच्यापुढे टाका. आधी ती अख्खी काडी ओढेल, मग पान चुरगाळेल, बोटं हुंगेल, एखादं पान तोंडात घालून तोंड वेडंवाकडं करेल. ‘कडू लागलं? थू थू!’ म्हणा आणि ती काय करते ते बघा. पान खुडायला अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, पुढे पेन्सिलही त्याच बोटांत यायची आहे. भाजीला दुप्पट वेळ लागेल, त्याला इलाज नाही. मटार सोलायला मात्र देऊ नका. या वयात दाणा नाकात जातो आणि मग रात्री अकराला कान-नाक-घशाचा डॉक्टर शोधत फिरावं लागतं.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या बाळाला वॉकर कधी द्यावा?

देऊच नये. त्याने चालणं लवकर येत नाही, पडापड मात्र होते. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, आपल्याकडे अजून बारशाला भेट देतात.

प्रश्न : मुलगा 14 महिन्यांचा. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत एका क्लासने स्टॉल लावला होता. फ्लॅशकार्डांनी मेंदूचा उजवा भाग जागा करतात म्हणे. बोटांच्या ठशांवरून कल सांगणारी चाचणी मोफत आहे. नाव घालू का?

नको. मेंदूचा उजवा भाग झोपलेला नसतो. ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो, याला काहीही शास्त्रीय आधार नाही. आणि चाचणी मोफत का असते, हे मुंबईकराला मी सांगायला हवं? ‘तीन वर्षांच्या आत केलं नाही तर संपलं’ अशी भीती घालणाऱ्याला हमखास काहीतरी विकायचं असतं. तेवढ्या पैशांत मुलाला वर्षभर राणीच्या बागेत न्या.

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा. ‘आई’, ‘बाबा’ सोडून काही बोलत नाही, पण मोबाइलवर बघून एबीसीडी आणि वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो. ऐकायला येतं, कारण थाळी वाजवली की वळून बघतो. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. त्याला बोलतं करायला कोणते खेळ घेऊ? (मुलुंड)

खेळ सांगते, पण आधी तपासणीची वेळ घ्या. हे पत्र मला गावं बदलून येतच राहतं. दर वेळी त्यात उशिरा बोललेला एक बाप असतो. बाप उशिरा बोलला आणि पुढे सुरळीत झाला, हे त्याचं नशीब. त्यावर मुलाचे सहा-आठ महिने लावायचे नसतात. मुलगे थोडे मागे असतात हे खरं, पण फरक थोडासाच. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द जोडून यायला हवेत, मग मुलगा असो की मुलगी.

एबीसीडी म्हणणं हे बोलणं नव्हे. तहान लागली की तो काय करतो? तुमच्याकडे बघून माठाकडे बोट दाखवतो, की तुमचा हात धरून नुसता ओढत नेतो? हाक मारली की बघतो का? विमान दिसलं तर तुम्हालाही दाखवतो का? या उत्तरांतून मला वीस आकड्यांपेक्षा जास्त कळतं.

आता थाळी. कमी ऐकू येणारं मूलही थाळीच्या दणक्याला वळतं, कधी तर तुमचा हात हललेला बघूनच वळतं. बोलण्यातले बारीक आवाज त्याला पोचतात की नाही, हे यंत्रावरच कळतं. ओएई (कानाच्या आतला प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाज कानापासून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी) या तपासण्यांना सुई टोचत नाहीत. बेरासाठी मूल झोपलेलं असलं की झालं. केईएम, सायन, नायरमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे, वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. कान ठीक निघाले तर लगेच विकासतज्ज्ञाला, म्हणजे मुलांची वाढ आणि बोलणं-वागणं तपासणाऱ्या डॉक्टरला दाखवा. कदाचित काहीच निघणार नाही, मग मला शिव्या घाला. ‘शाळेत गेला की बोलेल’ म्हणून थांबू नका. आणि आधी येत असलेले शब्द गेले असतील तर याच आठवड्यात जा.

मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात फार तर एक तास, कमी तर उत्तम. जेवताना तर अजिबात नको. पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, माणूस थांबतो.

खेळही तोच. समोरासमोर जमिनीवर बसा, चेंडू त्याच्याकडे ढकला. परत आला की हातात धरून ठेवा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. तो चेंडूकडे बघेल, मग तुमच्या तोंडाकडे. त्या क्षणी ‘दे?’ म्हणा आणि सोडा. त्याने शब्द म्हटला नाही तरी चेंडू अडवायचा नाही. बुवाकुकमध्येही पदर लगेच काढू नका, त्याला ओढू द्या. हे तपासणीबरोबर करायचं, तपासणीऐवजी नाही.

प्रश्न : विरार लोकलने घरी पोचायला नऊ वाजतात. मुलगी दोन वर्षांची. अर्ध्या तासात बाप काय खेळणार? तिला वर उडवून झेललेलं आवडतं.

अर्धा तास पुरतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलात तर. उडवणं बंद करा. आपल्या घरांची छतं बुटकी, पंखा डोक्यावर. डोक्याला खोक पडलेली मुलं डॉक्टरकडे अशाच लाडातून येतात. झोपेआधी दंगा नको. तिला तुमचा डबा उघडू द्या, मोजे काढू द्या, दिवसभराची हकिगत सांगा.

प्रश्न : नातीशी मी मराठीत बोलते. सून म्हणते, शाळेच्या प्रवेशासाठी इंग्रजीच बोला.

मराठीतच बोला. घरात दोन भाषा असल्याने बोलायला उशीर होत नाही.

प्रश्न : रील्समध्ये परातीत डाळी-राजमा भरून मुलांना खेळायला देतात. वर्षाच्या मुलाला चालेल का? पाण्यातले खेळ?

डाळी, राजमा, चणे, शेंगदाणे, काही नको. दाणा श्वासनलिकेत गेला तर दुर्बिणीने काढावा लागतो. कणकेचा गोळा द्या, हात तेलाचा करून. खोकत मूल निळं पडलं तर तिथेच त्याचं डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर जोरात थापा मारा, आणि लगेच हॉस्पिटल गाठा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका.

पाणी द्या, पण परातीत बोटभर, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर. दाराची बेल वाजली तर मुलाला उचलून न्या. पाण्याच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे आपल्याकडे मोऱ्यांत बादल्या भरलेल्याच असतात. वर्षाचं मूल बादलीत वाकलं की डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याला वर येता येत नाही, आवाजही होत नाही. पिंपाला घट्ट झाकण, मोरीच्या दाराला वरून कडी, आणि खेळ झाला की परात लगेच उपडी.