काब्राल यांच्यावर लिहिताना सुरुवात हत्येपासून करू नये

पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज गिनीच्या (आजच्या गिनी-बिसाऊच्या) स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांच्यावरील आपला लेख ‘त्यांना नेमके कोणी मारले’ या प्रश्नापाशी अडला आहे आणि सुरुवात त्या रात्रीपासूनच करावी असा आग्रह आपल्याला होत आहे, हे वाचून राहवले नाही. काही वर्षांपूर्वी मीही याच जागी अडकलो होतो.

माझा लेख ज्या नियतकालिकाने मागवला होता, त्याच्या संपादन विभागाने शेतीवरचा संपूर्ण भाग ‘रूक्ष’ ठरवून काढून टाकला, हत्या पहिल्या परिच्छेदात आणली, आणि पोर्तुगीज गिनी व कोनाक्री राजधानी असलेला शेजारचा गिनी हे दोन देश एकच समजून मजकूर परस्पर ‘दुरुस्त’ केला. त्यावर पाठवलेल्या पत्रांना साधी पोचही मिळाली नाही. आजही लोक तो लेख मला दाखवतात, आणि त्यात काब्राल फक्त मारले जाण्यासाठी जन्मल्यासारखे दिसतात. याची चीड अजून गेलेली नाही.

काब्राल पेशाने कृषितज्ज्ञ होते आणि त्यांच्या राजकारणाचे मूळ तिथेच आहे, असे माझे ठाम मत आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही. लिस्बनला शिकून परतल्यावर १९५३ मध्ये वसाहत सरकारच्या नोकरीत त्यांनी पोर्तुगीज गिनीची कृषी गणना केली. कोण काय पिकवतो, निर्यातीच्या भुईमुगापायी जमिनीचा कस कसा उतरतो, कोणत्या समाजात प्रमुखांची सत्ता चालते आणि कोणत्या समाजात चालत नाही, हे त्यांना गावोगाव हिंडताना कळले. तिथल्या बालांता समाजाचे शेतकरी खारफुटीची जमीन साफ करून, बांध घालून, भरतीचे खारे पाणी बाहेर अडवून भात पिकवत. गोव्याची खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच उभे राहील. या बालांतांमध्ये वंशपरंपरागत प्रमुख नव्हते. उलट फुला समाजातील अनेक प्रमुखांचे पोर्तुगीज प्रशासनाशी सूत जमलेले होते. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांना गोळ्या घातल्या गेल्यानंतर पीएआयजीसी हा काब्राल यांचा पक्ष शहर सोडून खेड्यांकडे वळला, आणि जानेवारी १९६३ मध्ये तिते येथील पोर्तुगीज छावणीवरील हल्ल्याने सशस्त्र लढा सुरू झाल्यावर बालांता मोठ्या संख्येने त्यात उतरले. काब्राल यांना आपली माणसे आधीपासून ठाऊक होती, ती या गणनेमुळे.

पक्षाने पोर्तुगीजांकडून सोडवलेल्या मुक्त प्रदेशातील लोकभांडारांबद्दलही अवश्य लिहा. तिथे शेतकऱ्याचा भात घेऊन त्याला कापड आणि अवजारे दिली जात. माणसे कोणाच्या डोक्यातील कल्पनांसाठी लढत नाहीत, आपले जगणे सुधारावे आणि मुलांचे भले व्हावे म्हणून लढतात, असे काब्राल यांनी १९६५ मध्ये कार्यकर्त्यांना बजावले होते, आणि भांडारे, शाळा, दवाखाने हे सारे त्याच विचाराला धरून होते.

हत्येबद्दल थोडक्यात लिहावे. २० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत, त्यांच्या घराबाहेर, पक्षाच्याच इनोसेंसिओ कानी याच्या नेतृत्वाखालील गटाने पत्नीच्या देखत त्यांना ठार केले. पक्षातील पोर्तुगीज गिनीचे आणि केप व्हर्द या पोर्तुगीज अमलाखालील बेटांचे कार्यकर्ते यांच्यातील दुरावा खरा होता आणि पोर्तुगीज गुप्त पोलीस त्याला खतपाणी घालत होते. मात्र अंतिम आदेश कोणाचा, याचा सर्वमान्य पुरावा पुढे आलेला नाही. हे एका वाक्यात सांगून पुढे जावे, कारण पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. पक्ष कोलमडला नाही. २४ सप्टेंबर १९७३ रोजी बोएच्या मुक्त प्रदेशात स्वातंत्र्य जाहीर झाले, आणि २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनची हुकूमशाही ज्या लष्करी अधिकाऱ्यांनी उलथवली, त्यांतील अनेक जण याच पोर्तुगीज गिनीत लढून आलेले होते.

गोव्याचा दुवा वाचकाला खूश करण्यासाठी ओढूनताणून आणण्याची गरज नाही, तो आहेच. पोर्तुगीज वसाहतींमधील राष्ट्रवादी संघटनांची परिषद एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला भरली, तेव्हा गोव्याचे प्रतिनिधीही तिथे होते, आणि आकिनो द ब्रागांसा हे गोमंतकीय त्या वर्तुळात अखेरपर्यंत वावरले.

वारशाबद्दल लिहिताना १९८० ची लष्करी उठावणी टाळू नये. तिने काब्राल यांचे सावत्र भाऊ लुईस काब्राल यांना राष्ट्राध्यक्षपदावरून हटवले आणि गिनी-बिसाऊ व केप व्हर्द एकत्र आणण्याचे काब्राल यांचे स्वप्न संपले. पाया घातलेला माणूस नसताना त्या ऐक्याचे काय झाले, हे वाचकाला कळलेच पाहिजे.

काब्राल यांची बरीच कागदपत्रे लिस्बनच्या मारिओ सोआरेस प्रतिष्ठानाने इंटरनेटवर खुली केली आहेत; पोर्तुगीज जेमतेम येत असली तरी ती चाळावीत. जागा कमी पडली तर हत्येचा भाग आखडता घ्या, भातशेतीचा नको. आणि छपाईपूर्वी अंतिम मजकूर आपल्याला दाखवला जाईल, अशी लेखी कबुली संपादकांकडून आधीच घेऊन ठेवा.