वादळात वाहत आलेली होडी ओढून आणली, तर ती आपली होते का? मोबदला मागता येतो का?

आपण विचारले आहे की, वादळात नांगर सुटून किंवा दोर तुटून वाहत गेलेली रिकामी होडी एखाद्या मच्छीमाराने स्वतःचे डिझेल जाळून किनाऱ्याला ओढून आणली, तर ती त्याच्या मालकीची होते का, आणि होत नसेल तर निदान मोबदला मागणे योग्य ठरते का. नौवहनविषयक दावे पाहणारा वकील म्हणून सांगतो, की होडी त्याची होत नाही. मोबदल्याचा हक्क मात्र त्याला आहे, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच भक्कम आहे.

मालकीबाबतचा गोंधळ ‘बेवारस’ दिसणाऱ्या होडीला ‘टाकून दिलेली’ मानण्यातून होतो. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात, परत मिळण्याची आशा आणि इरादा दोन्ही सोडून मालकाने टाकलेल्या जहाजाचा वेगळा उल्लेख आहे. जून 2020 च्या ‘निसर्ग’ किंवा मे 2021 च्या ‘तौक्ते’ चक्रीवादळानंतर बंदराबंदरात आपली होडी शोधत फिरणाऱ्या नाखव्याने असे काहीही सोडलेले नसते. आणि होडी खरोखरच टाकून दिलेली असली, तरी कलम 395 नुसार ती शक्य तितक्या लवकर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘रिसीव्हर ऑफ रेक’च्या, स्वाधीन करावी लागते. त्यानंतर मालकाला दावा सिद्ध करण्यासाठी एक वर्षाची मुदत मिळते आणि वाचवणाऱ्याचा मोबदला व इतर खर्च चुकता करून तो होडी परत नेऊ शकतो. (2025 मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा अर्जात कलमांचे आकडे लिहिण्यापूर्वी तो जरूर पाहावा.) होडी गुपचूप ठेवून घेणे, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक खरवडणे किंवा त्यावर रंग फासणे हा तर सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली दुसऱ्याच्या मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. मालकाला परत देण्याच्या हेतूने वस्तू ताब्यात घेणाऱ्याला मात्र हे कलम लागू होत नाही, त्यामुळे लगेच वर्दी देणे हाच त्या हेतूचा सर्वांत चांगला पुरावा ठरतो.

आता मोबदल्याकडे वळू. भारताच्या किनाऱ्यावर संकटात सापडलेले जहाज वाचवणाऱ्याला वाजवी रक्कम मिळावी, असे कलम 402 सांगते. ही रक्कम कशी ठरवावी याचे निकष 1989 च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज (म्हणजे संकटातील जहाज वा माल वाचवण्याच्या) करारात आहेत, आणि ते मला अतिशय न्याय्य वाटतात. वाचलेल्या मालमत्तेची किंमत किती, धोका किती मोठा होता, वाचवणाऱ्याने कौशल्य, वेळ आणि पैसा किती खर्ची घातला, यश कितपत आले, हे सारे त्यात पाहिले जाते. म्हणूनच खवळलेल्या दर्यात जीव धोक्यात घालून खडकावर आदळू पाहणारी होडी वाचवणारा तांडेल आणि वादळ शमल्यावर खाडीत संथ तरंगणारी होडी दोराने बांधणारा माणूस यांना सारखी रक्कम मिळत नाही. प्रयत्न फसून होडी बुडाली, तर सामान्यतः काहीच मिळत नाही. यश आले तरी मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. मालकाने सबळ कारणाने स्पष्ट मनाई केली असताना केलेल्या मदतीचाही मोबदला मागता येत नाही.

जहाजांवरील दाव्यांसाठीच्या 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याने या हक्काला थेट जहाजावरच बोजा म्हणून स्थान दिले आहे. खलाशांचा पगार आणि प्राणहानी वा दुखापतीची भरपाई यांच्यानंतर लगेच त्याचा क्रम लागतो. पण एका लहान होडीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण खर्चातच होडीची किंमत निघून जाईल. दोन्ही गावांच्या मच्छीमार सोसायट्यांसमोर बसून डिझेल, बुडालेली मासेमारी, तुटलेले दोर आणि पत्करलेला धोका यांचा हिशेब लेखी करावा आणि रक्कम मिळाल्याची पावती द्यावी, हेच बरे.

रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात आणखी एक बाजू आहे. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरजवळ निर्मनुष्य बोट सापडली आणि तीत एके-47 रायफली निघाल्याने एकच खळबळ उडाली. चौकशीअंती सरकारने विधिमंडळात सांगितले, की मस्कतहून युरोपकडे निघालेली ही ऑस्ट्रेलियन मालकीची ‘लेडी हान’ जूनमध्ये इंजिन बिघडून अडकली, तिच्यावरील माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि समुद्र खवळलेला असल्याने ओढून न नेता आलेली बोट वाहत कोकणात आली. पण 1993 मध्ये स्फोटके उतरवली गेलेले रायगडचे शेखाडी आणि 2008 च्या मुंबई हल्लेखोरांनी बळकावलेली ‘कुबेर’ नौका ज्यांच्या स्मरणात आहे, त्या पोलिसांनी प्रथम घातपाताचाच विचार करावा, यात नवल नाही. त्यामुळे अनोळखी बोटीवर चढू नये. सागरी पोलिसांना 1093 वर किंवा तटरक्षक दलाला 1554 वर कळवावे. तसेही संकटातील जहाजावर परवानगीविना चढण्यास 1958 च्या कायद्यानेही मनाई केली आहे. आत माणूस अडकल्याची शंका असेल, तर गोष्ट वेगळी; तेथे जीव वाचवणे हे आधीचे कर्तव्य आहे आणि वाचलेल्या माणसाकडून त्याचे पैसे मागता येत नाहीत.

नीतीच्या दृष्टीने मला होडी अडवून धरणाऱ्यापेक्षा तिच्यावरचे इंजिन, जाळी आणि जीपीएस उतरवून सांगाडा पुन्हा पाण्यात सोडणारा अधिक दोषी वाटतो. होडीवर कर्ज असते, पुढचा हंगाम त्याच जाळ्यांवर अवलंबून असतो, आणि अशी चोरी बहुधा वादळाच्या नावावर खपून जाते. मोबदला मागण्यात मात्र मला कसलाही कमीपणा दिसत नाही. रक्कम ठरेपर्यंत वर्दी न देता होडी लपवून ठेवली, तर मात्र तो मोबदला उरत नाही, खंडणी होते, आणि न्यायालयही वाचवणाऱ्याच्या अशा गैरवर्तनामुळे मोबदला कापू किंवा नाकारू शकते.